बिशपच्या वाटीतला दूधपाव

सेंट ब्रिजिट कॉन्व्हेंट
१४ ऑक्टोबर १९५२

प्रिय हिल्डा,

माझं पत्र महिन्याच्या शेवटी येतं, हे मधेच कसं आलं म्हणून घाबरू नकोस. इथे सगळे खुशाल आहेत, कोंबड्या सोडून.

मदरनी हौसेने कोंबड्या पाळल्यात. रेशनच्या या दिवसांत वसतिगृहातल्या मुलींना आठवड्यातून एक अंडं तरी मिळावं, एवढीच इच्छा. पण खुराड्यात घुशी शिरल्या आहेत. अंडी जातात, पिल्लं जातात, परवा तर एक अख्खी कोंबडी गेली. मांजर आहे, पण घूस दिसली की ते डोळे मिटून बसतं. एवढं ध्यान आमच्यापैकी कुणालाच जमत नाही.

मासेवाला रिमर म्हणाला, "सिस्टर, या कामाला फेरेटच पाहिजे, ते मुंगसासारखं पाळीव जनावर." मला लगेच तुझ्या क्लेमची आठवण झाली. लग्नाआधी तू मला त्याच्याबद्दल लिहिलं होतंस ना, की मुलगा चांगला आहे, गिरणीत कायम आहे, फक्त कोटाच्या खिशातून काहीतरी पांढरं डोकं बाहेर काढतं. ते पांढरं डोकं उसनं मिळेल का? क्लेम ससे पकडतो, पण फेरेट घुशींनाही बिळातून हुसकावतात असं ऐकते.

मदरचा एकच प्रश्न आहे: ते खातं काय? मांस इथे आम्हालाच पुरत नाही.

तुझी मावसबहीण,
नोरा
(सिस्टर कोलंबा)

---

हेदरक्लफ
२१ ऑक्टोबर १९५२

प्रिय नोरा,

तुझं पत्र नेहमीसारखं चहानंतर क्लेमला मोठ्याने वाचून दाखवलं. चष्मा आहे त्याच्याकडे, पण तुझी पत्रं त्याला माझ्याकडूनच ऐकायची असतात. मांजराच्या ध्यानाला खूप हसला. हल्ली तो हसला की मला बरं वाटतं.

डचेस देतो म्हणाला. गुरुवारी रिमर मासे विकून रिकामी गाडी घेऊन परत निघेल, त्याच्याबरोबर खोकं पाठवते. मादी आहे, दोन वर्षांची, स्वभावाने बिशपपेक्षा गरीब. (बिशप म्हणजे आमचा नर. नाव क्लेमने ठेवलंय, तेव्हा मदरना सांगताना जरा बेताने सांग.)

आता खाण्याचं. क्लेमने मला समोर बसवून लिहून घ्यायला लावलं.

"लिही. दूधपाव. शिळा पाव, कोमट दुधात कुस्करून, सकाळ-संध्याकाळ. मांस नाही."

"जरासुद्धा नाही?"

"जरासुद्धा नाही. मांस दिलं की रक्त डोक्यात जातं. मग माणसाला चावतात. आणि बिळात सोडलं तर ससा बाहेर हाकलायचा सोडून आतच मारतात, तिथेच जेवतात आणि तिथेच झोपतात. मग मालक बसला फावडं घेऊन. माझ्या बापाने दूधपावच घातला, त्याच्या बापानेही तेच घातलं."

"तरी तुझी फेरेटं चावतातच की."

"ते त्यांच्या जातीत आहे. लिही तू."

तेव्हा लिहिलं. मला मात्र दूधपाव म्हटलं की आपली शाळा आठवते. हिवाळ्यातली ती लांब टेबलं, मदर इग्नेशियाची ती छडी, आणि वाटीतला तो पांढरा चिखल. मला तो गिळायचा नाही, आणि तू टेबलाखालून माझी वाटी घेऊन तुझी रिकामी वाटी माझ्यापुढे सरकवायचीस. मदर म्हणायची, "हिल्डाकडे बघा, कशी शहाण्यासारखी खाते." तुझ्या पोटात एवढं मावायचं कुठे, देव जाणे.

क्लेमलाही दूधपाव डोळ्यांसमोर नको असतो. त्याच्या वडिलांचं ते पोटातल्या गाठीचं दुखणं तुला आठवत असेल. आधी मांस सोडलं, मग बटाटे, आणि शेवटी सासूबाई चमच्याने दूधपाव भरवायच्या. तेव्हापासून क्लेम क्लबात सगळ्यांना सांगतो, "माणसाने दूधपाव दोनदाच खावा. दात यायच्या आधी, आणि फादर मरणाऱ्याला लावायचं तेल घेऊन यायच्या आधी."

तो जरा वाळलाय गं. उन्हाळ्यापासून. डॉक्टरकडे चल म्हटलं की टोपी घालतो आणि बाहेर पडतो. अंगात शक्ती यावी म्हणून माझ्या वाट्याचं मटणसुद्धा मी त्याच्याच ताटात घालते. तो ताट घेऊन मागच्या अंगणात जातो, फेरेटांच्या पिंजऱ्याजवळ बाकावर बसून जेवतो. "आत वाफ होते," म्हणतो. ताट धुतल्यासारखं स्वच्छ परत येतं, आणि तरी पट्टा रोज आत आतच जातोय. बिशपची भूक मात्र राक्षसासारखी वाढलीय. दोन वाट्या दूधपाव लागतो. डचेस गेली की एक वाटी कमी करू ना, म्हटलं तर म्हणाला, "नको. तिच्याविना त्याला करमणार नाही, तो जास्त खाईल." बघ, जनावराची केवढी माया!

घुशींचं काय झालं ते कळव.

तुझी,
हिल्डा

---

सेंट ब्रिजिट कॉन्व्हेंट
८ नोव्हेंबर १९५२

प्रिय हिल्डा, प्रिय क्लेम,

डचेस आली, तिने पाहिलं आणि तिने घुशींचं राज्य बुडवलं. पहिल्याच सकाळी खुराड्याखालून असा गोंधळ उठला की मुलींची प्रार्थना थांबली. आता अंडी मोजून भरतात. मदर तिला "आपली नवी भगिनी" म्हणतात.

पण क्लेम, दूधपावाचं काही जमलं नाही. पहिली वाटी तिने उलटी केली. दुसऱ्या वाटीत ती बसली. तिसरी वाटी आल्यावर तिने सिस्टर फिनबारकडे असं पाहिलं, की सिस्टरने मुकाट्याने वाटी उचलली. सिस्टर फिनबार आमच्या स्वयंपाकीण. व्रत घेण्याआधी आयर्लंडमध्ये परिचारिका होत्या, आणि वाढल्या शेतावर. त्या म्हणाल्या, "हे जनावर मांस खाणारं आहे. एवढुसं आतडं, त्यात पाव काय पचणार? दुधाने तर पोट सुटेल. हिला कोंबडीची मुंडी द्या, काळीज द्या, हाडासकट मान द्या." आता तेच देतो. घुशी तर ती स्वतःच्या कमाईच्या खाते. वजन वाढलंय, अंगावर हात फिरवला तर रेशीम. आणि चावत नाही, अगदी कुणालाच नाही!

शुक्रवारी मात्र मदरनी नियम केला, की या छपराखाली राहणाऱ्या सर्वांना शुक्रवार सारखाच, मांस वर्ज्य. म्हणून शुक्रवारी तिला माशाचं डोकं. मग शुक्रवारी मारलेल्या घुशीचं काय करायचं, यावर जेवणानंतर बरीच चर्चा झाली. डचेसनेच तो प्रश्न सोडवला. ती घूस पेंढ्याखाली लपवून ठेवते आणि शनिवारी खाते. आमच्यातल्या काहीजणींपेक्षा नियम चांगला पाळते.

एक गंमत राहिली. थंडी म्हणून तिचं खोकं भोजनगृहाच्या दाराशी ठेवलंय. आम्ही न बोलता जेवतो, तुला ठाऊकच आहे, त्यामुळे भांड्यांचा आवाज मोठा वाटतो. तर काटा-सुरी बशीला लागली, की ही मागच्या पायांवर उभी राहते, जाळीला नाक लावते आणि कुकू असा आवाज करते. नुसत्या चमच्याच्या आवाजाला मात्र कानसुद्धा हलवत नाही. सिस्टर फिनबार म्हणतात, "हिच्याजवळ बसून कुणीतरी रोज काट्या-सुरीने मांस कापून हिला भरवलेलं आहे." मी म्हटलं, छे, क्लेमच्या घरी दूधपावाशिवाय काही मिळत नाही! मग हे शिकली कुठून?

दोघांना आशीर्वाद,
नोरा

---

हेदरक्लफ
१४ नोव्हेंबर १९५२

नोरा,

हे पत्र चर्चमध्ये, फुलदाण्यांच्या खोलीत बसून लिहितेय. घरी लिहिता आलं नसतं.

तुझं पत्र नेहमीसारखं मोठ्याने वाचत होते. पेंढ्याखालच्या घुशीला दोघं हसलो. मग पुढच्या ओळी नजरेखाली आल्या आणि माझा आवाज थांबला.

"पुढे?" क्लेम म्हणाला.

"पुढे काही नाही. आशीर्वाद."

"एवढ्यात? नोरा सुधारली म्हणायची."

दुसऱ्या दिवशी जेवणाला मटणाचा तुकडा होता, दोघांचा मिळून एकच. मी तो त्याच्या ताटात वाढला, बिशपची वाटी भरून त्याच्या हातात दिली, आणि तो अंगणात गेल्यावर धुण्याच्या खोलीत जाऊन खिडकीआड उभी राहिले. आपल्याच नवऱ्यावर पाळत ठेवायची वेळ आली. या वयात!

त्याने मांडीवर ताट घेतलं. सुरीने मटणाचे बारीक बारीक तुकडे केले, बाळाला करतात तसे. एकेक तुकडा काट्याला लावून जाळीतून आत धरला. बिशप काट्याच्या टोकावरून अलगद घेत होता. "हळू," क्लेम म्हणत होता, "हळू खा, महाराज. तिने स्वतःच्या तोंडचं दिलंय." मग पावाने ताट पुसलं, तो पावही आत दिला.

आणि मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, बिशपची वाटी उचलली, खिशातून चमचा काढला आणि दूधपाव खायला लागला.

नोरा, त्याचा बाप शेवटी असाच खायचा, डोळे मिटून, प्रत्येक घासाला वाट बघत की हा तरी आत राहील का. खाऊन झाल्यावर क्लेमने बरगडीखाली मूठ दाबून धरली आणि वाकून बसला. बराच वेळ बसला. मग उठला, शीळ घालत घरात आला आणि म्हणाला, "मटण झकास होतं गं."

मी म्हटलं, "आवडलं ना?"

मी काय दुसरं म्हणणार होते? 'मी पाहिलं' असं म्हटलं, तर त्याला वाटेल आता सगळं संपलं. त्याच्या हिशेबी दूधपाव म्हणजे फादर दारात. म्हणूनच तो मला कळू देत नाहीये. मला घाबरवायचं नाही त्याला. आणि मी उन्हाळाभर फेरेटाच्या भुकेचं कौतुक करतेय! आपण शाळेत टेबलाखालून वाट्या बदलायचो, आणि मला ही अदलाबदल ओळखता आली नाही.

त्याला डॉक्टरकडे न्यायचंय. मी सांगून तो जाणार नाही. पण तुझी पत्रं तो ऐकतो. मला असं एक पत्र लिही की जे मी त्याला मोठ्याने वाचून दाखवू शकेन. बाकी तूच बघ. शाळेत मदर इग्नेशियाला गुंडाळणारी तूच होतीस.

हिल्डा

---

(रिमरकडून, माशांच्या कागदात)
२० नोव्हेंबर १९५२

हिल्डे,

रडू नकोस. पत्र सोमवारी टपालात पडेल.

सिस्टर फिनबारना सगळं सांगितलं. बरगडीखाली मूठ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बापाचं होतं तेच मुलाचं असेल असं कुणी सांगितलं? पोटात जखम असली तरी माणूस असाच वाकतो. पण तपासल्याशिवाय कळायचं नाही, आणि वेळ दवडायचा नाही." पत्रातलं औषधपाणी त्यांचं आहे. खोटेपणा सगळा माझा. शनिवारी पापनिवेदनात फादरना सांगितलं, की मी एका फेरेटाला खोटा आजार लावणार आहे. पडद्यापलीकडून आधी खोकला आला. मग म्हणाले, "अजून केलेलं नाही त्याची क्षमा मी देत नाही. लिहून झाल्यावर या." पुढच्या शनिवारी पुन्हा जायचं आहे.

नोरा

---

सेंट ब्रिजिट कॉन्व्हेंट
२४ नोव्हेंबर १९५२

प्रिय हिल्डा, प्रिय क्लेम,

आमच्या डचेसने आम्हाला फार घाबरवलं.

रोज दिलेलं मांस संपत होतं, ताटली स्वच्छ होत होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण ती वाळत चालली. खोकं साफ करायला घेतलं, तर पेंढ्याखाली सगळं मांस तसंच! बिचारी खात नव्हती, आम्हाला दिसू नये म्हणून नुसती लपवत होती. सिस्टर फिनबार म्हणाल्या, "जनावर लपवतं म्हणजे त्याला दुखतंय." मदर खोक्याजवळ गुडघ्यांवर बसल्या आणि तिला म्हणाल्या, "अगं वेडे, तुला काय वाटलं, आम्हाला दिसणार नाही? आणि दिसलं तर आम्ही मोडून पडू? आम्ही काय आजच जन्मलोय?"

मग मदरनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, पोटात जखम आहे. वेळेवर आणलंत, बरी होईल. लपवत राहिली असती तर मात्र मला बोलावून उपयोग नव्हता. मदरनी विचारलं, एवढी शूर कशी हो ही, एकदा विव्हळली नाही? ते म्हणाले, "मदर, दुखणं लपवणारं जनावर शूर नसतं. ते फक्त मालकाला रडवतं."

आता तिला मऊ खाणं चालू आहे. हिल्डा, तुझ्या बिशपलाही कधी लागलं तर असू दे. पावाची कड काढायची. दूध उकळून कोमट करायचं, त्यात अंडं फेटायचं, थोडं लोणी. मिरी अजिबात नाही. एका वेळी वाटीभर न देता थोडं थोडं, पण दर दोन तासांनी. मध्ये मटणाचं पाणी, फडक्यातून गाळून. आणि सिस्टर फिनबार म्हणतात, खाताना तिच्याजवळ कुणीतरी बसावं. एकटं खाल्लेलं अंगी लागत नाही.

बिशपला सांभाळा.

नोरा

---

हेदरक्लफ
१ डिसेंबर १९५२

प्रिय नोरा,

फसला! बिचारा पुरता फसला!

वाचताना माझा आवाज कापू नये म्हणून मी मुद्दाम शाळेतल्यासारखं वाचलं, एका सुरात. 'अगं वेडे, तुला काय वाटलं' इथे मात्र थोडी अडखळले. क्लेम शेगडीकडे बघत बसला होता.

मग म्हणाला, "डचेस मांस पेंढ्याखाली लपवत होती, म्हणून आजारी?"

"असं लिहिलंय."

"हं. आणि मदर गुडघ्यांवर बसल्या?"

"बसल्या."

"त्यांच्या गुडघ्यांना संधिवात आहे ना?"

"तरी बसल्या," मी म्हटलं.

त्याने शेगडीतले कोळसे सारखे केले. मग विचारलं, "बस किती वाजता असते गं, मोठ्या दवाखान्याकडे जाणारी?"

"कशाला?"

"बिशपचं पोट मला बरं वाटत नाही. डॉक्टरना सहज विचारून येतो."

मी हसू दाबून म्हटलं, "माणसांच्या डॉक्टरना?"

"पोट ते पोट," तो म्हणाला. "आणि तूही चल. मला एकट्याला जमायचं नाही."

तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, जमायचं नाही. मी वरच्या खोलीत जाऊन त्याचा चांगला कोट काढला, खिसे रिकामे केले आणि त्यात बिशप नाही ना ते पाहिलं. उद्या जातोय. सिस्टर फिनबारच्या रीतीने बिशपची वाटी करते, अंडं घालून. क्लेम म्हणतो, "लाडावून ठेवशील त्याला." मी म्हणते, "खाऊ दे बापडा." आणि हल्ली मीही अंगणात बाकावर जाऊन बसते, विणकाम घेऊन. पाठ त्याच्याकडे करून.

प्रार्थना कर.

हिल्डा

---

हेदरक्लफ
२५ फेब्रुवारी १९५३

सिस्टर कोलंबा यांस,

मी लिहिणारा माणूस नाही. हिल्डा चर्चमध्ये फुलं लावायला गेलीय, तेवढ्यात लिहितो. रिमर घेऊन येईल. मासळीच्या वासाबद्दल माफी असावी.

मला खडूचं पाणी पाजून पोटाचे फोटो काढले. बापाचं होतं ते नाही. जखम आहे. तुमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच इथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, शब्दाला शब्द. तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा, ते कुठे असतील तिथे. नाताळ दवाखान्यात गेला. आता घरी आहे, मूठ दाबावी लागत नाही.

सिस्टर, एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. मांस पेंढ्याखाली लपवणं हा फेरेटाचा आजार नाही. ते धडधाकट असल्याची खूण आहे. पोट भरलं की उरलेलं उद्यासाठी लपवतात. आजारी फेरेट काहीही लपवत नाही. लपवतो तो माणूस. तेव्हा तुमच्या पत्रातल्या चार ओळी हिल्डाने वाचल्या आणि मला कळलं की ही खिडकीत उभी होती. पुढचं सगळं मी तिच्या आवाजासाठी ऐकलं. पण हे तिला सांगू नका. मला फसवल्याचा तिला फार आनंद झालाय. तिला असा आनंद मी पुष्कळ दिवसांत दिलेला नाही.

डचेस तुमच्याकडेच राहू द्या. तिला मांसच घाला, हाडासकट. सिस्टर फिनबार म्हणतात तेच बरोबर. शुक्रवारचं तुम्ही आणि देव बघून घ्या. इथे बिशपला माझं मटण आता उघडपणे मिळतं. उन्हाळ्यापासून त्याने कुणाला चावलेलं नाही. परवा त्याला बिळात सोडला, तर भरल्या पोटी ससे हाकलत हाकलत बाहेर आला, आत झोपला नाही. माझा बाप चुकला, त्याचा बाप चुकला आणि मी क्लबात चाळीस वर्षं टेबलावर मूठ आपटून चुकीचं सांगितलं.

आता मोठ्या डॉक्टरांनी मला काय खायला लिहून दिलंय, ते ओळखा. कोमट दूध आणि पाव. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, वर्षभर. क्लबातल्या लोकांना कळलं आहे. कुणीतरी विचारलं, फादर तेल घेऊन कधी येणार.

काल हिल्डा वाटी घेऊन आली. किती प्रेमाने करते, कड काढून, लोणी घालून. माझ्या बाजूला बसली आणि चमचा पुढे केला. मी तिच्यावर असा खेकसलो की ती दचकून मागे सरली. मग आम्ही दोघांनीही बिशपकडे पाहिलं. तो मटण खाऊन, पाय वर करून, साधूसारखा शांत पडला होता.

चाळीस वर्षं मी फेरेटांना दूधपाव घातला, सिस्टर, आणि चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो की चावणं त्यांच्या जातीतच असतं.

आपला,
क्लेमेंट कॅटरॉल